सोनं शोधायला निघालात तर आधी बाटलीची झाकणं वेचा: कोकणच्या पुळणीवर मेटल डिटेक्टर शिकताना

मशीन खांद्याला लावून पुळणीवर उतरलो की होड्यांजवळ जाळी शिवत बसलेले काका दर वेळी हाच प्रश्न टाकतात, "काय रं, गावलं काय सोनं?" आणि मी पिशवी उघडून दाखवतो. दारूच्या बाटल्यांची झाकणं, वेफर्सच्या पाकिटांचा चांदीचा कागद, दोन खिळे, पागाचं (फेकायच्या जाळ्याचं) एक शिसं. चार वर्षं झाली, त्यातले पहिले आठ महिने एकही सोन्याची वस्तू नाही. नंतर मिळायला लागलं, आणि का मिळायला लागलं ते आता समजतंय, म्हणून हे सगळं लिहितोय.

आधी एक भ्रम काढून टाका. कोकणात जमिनीतलं नैसर्गिक सोनं, ते यूट्यूबवर ऑस्ट्रेलियावाले काढतात तसे खडे, ते आपल्याकडे नाहीत. आपल्या पायाखाली सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण आणि त्याच्यावर जांभा. सोन्याच्या शिरा असतात त्या याच्यापेक्षा फार जुन्या खडकांत, गारगोटीच्या पट्ट्यांमध्ये, कर्नाटकात कोलारला होत्या (ती खाण २००१ मध्ये बंद झाली) आणि रायचूर जिल्ह्यात हट्टीला अजून खाण चालू आहे. तिथलं सोनंसुद्धा दगडात इतकं बारीक विखुरलेलं असतं की दगड दळून काढावं लागतं, डिटेक्टरला त्याचा पत्ता लागत नाही. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात १९८० मध्ये एका माणसाला डिटेक्टरने सुमारे २७ किलोचा सोन्याचा गोळा मिळाला होता, खरी गोष्ट आहे, पण ती जमीन वेगळी. आणि खनिज शोधणं म्हणजे आपल्याकडे १९५७ च्या खाण-खनिज कायद्याखाली परवान्याचं काम आहे, हौशी माणसाचं नाही.

मग इथे शोधायचं काय? लोकांनी हरवलेलं सोनं. मे महिन्यात, दिवाळीत, ख्रिसमसच्या सुट्टीत मुरुड, कर्दे, गुहागर, गणपतीपुळे, तारकर्ली इथे केवढी माणसं पाण्यात उतरतात बघा. गार पाण्यात बोटं आक्रसतात, वर सनस्क्रीनचं किंवा खोबरेलाचं बोट, लाट आली की अंगठी सुळकन जाते. आणि सोन्याची घनता १९.३, साध्या वाळूची २.६५ च्या आसपास, म्हणजे वाळू हलली की सोनं खाली खाली जातं आणि कडक थराला टेकेपर्यंत थांबत नाही.

मशीन कुठलं घ्यायचं, आणि कुठलं नाही

नाही ते आधी. ते दोन अँटेना पुढे काढलेलं, "शंभर मीटरवरून सोनं दाखवतो" असं सांगून विकतात ते मशीन. माझे पहिले पैसे त्यातच गेले, ऑनलाइन एका विक्रेत्याने गोड बोलून गळ्यात मारलं, परत घ्यायचं नाव नाही. ते वाऱ्याने आणि मनगटाच्या हालचालीने फिरतं, दुसरं काही नाही. कुठलाही खरा हौशी डिटेक्टर अंगठीएवढी वस्तू कॉइलखाली (दांड्याच्या टोकाला असते ती चकती) फार तर वीतभर, चांगल्या वाळूत त्याहून थोडं जास्त, इतक्याच खोलीवर पकडतो. आणि कोणी मशीनच्या जोडीला गुप्तधन, कोंबडं, अमावस्येची पूजा असलं काढलं तर सरळ उठून घरी या, अशा अघोरी प्रकारांवर २०१३ चा जादूटोणा प्रतिबंधक कायदा आहे.

खरी मशीनं मोटामोटी तीन जातीची. एका फ्रीक्वेन्सीची व्हीएलएफ (व्हेरी लो फ्रीक्वेन्सी), ही स्वस्त, कोरड्या वाळूत मस्त, ओल्या वाळूत गेलं की किंचाळतात. मल्टी फ्रीक्वेन्सी, एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सी सोडतात त्यामुळे खारं पाणी वजा करू शकतात, समुद्रासाठी ही घ्या. आणि पल्स इंडक्शन म्हणजे पीआय, हे खोल जातं, खारं पाणी आणि काळी वाळू दोन्हीला फारशी भीक घालत नाही, पण लोखंड की सोनं हे धड सांगत नाही, प्रत्येक खिळा खणावा लागतो. शिकायला मल्टीच बरं. कॉइल पाण्यात चालणारी हवीच, आणि स्क्रीनचा डब्बाही वॉटरप्रूफ असला तर उत्तम कारण लाट विचारून येत नाही. सोबत स्टीलचा जाळीचा स्कूप (लोखंडी पाटी आणि खुरपं मुलांच्या किल्ल्यासाठी ठेवा), हेडफोन, आणि जमलं तर पिनपॉइंटर, म्हणजे हातात धरायची छोटी कांडी, खड्ड्यात नेमकं कुठे आहे ते सांगते.

कॉइलमधून चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, धातूत त्याने बारीक भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात, त्या प्रवाहांचं उलटं क्षेत्र परत येतं ते मशीन ऐकतं. एवढंच तत्त्व. पण खारं पाणीही वीज वाहतं, त्यामुळे ओली वाळू स्वतःच धातू असल्याचं सोंग करते, आणि आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइट-मॅग्नेटाइटची काळी वाळू आहे, ती वेगळ्याच बाजूने त्रास देते. दोन्ही एकत्र म्हणजे मशीनची परीक्षा. म्हणून परदेशी पांढऱ्या वाळूवरचे सेटिंग इकडे जसेच्या तसे लावले की बोंब.

जुन्या स्पीकरचं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वाळूत फिरवून बघा एकदा. बाहेर काढल्यावर पिशवीला काळी दाढी आलेली असते, टोकं ताठ उभी, चुंबक हलवलं की दाढीही वळते. जिथे दाढी दाट तिथे सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीनचा कान किती तिखट ठेवायचा ते, कमी करायची, हे एका मिनिटाचं काम मी प्रत्येक नव्या पुळणीवर आधी करतो.

घरचा अभ्यास

किनाऱ्यावर जायच्या आधी पंधरा दिवस तरी घरी काढा. मशीन लाकडी बाकावर ठेवा, पलंगावर नको (१८८१ साली ग्रॅहम बेलने अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष गारफील्डच्या अंगातली गोळी असल्याच यंत्राने शोधायचा प्रयत्न केला होता आणि गादीतल्या स्प्रिंगांनी घोटाळा केला असं सांगतात). हातातलं घड्याळ, अंगठी, कडं काढा, मोबाइल लांब ठेवा. मग एकेक वस्तू कॉइलसमोरून फिरवायची आणि स्क्रीनवरचा आकडा आणि आवाज वहीत लिहायचा. बाईची पातळ अंगठी, पुरुषाची जाड अंगठी, कानातलं, चांदीची जोडवी, पैंजण, वेफरचा कागद घडी घालून आणि चुरगळून, कॅनचं ओढायचं कान, बाटलीचं झाकण, शिसं, खिळा, दहाचं नाणं, एक रुपयाचं नाणं.

वही भरली की एक वाईट बातमी समोर येते. सोनं हा काही सर्वात मोठा आवाज नाही. चांदी आणि तांबं आकड्यांच्या वरच्या टोकाला बसतात, खणखणीत, त्यांना चुकवणं अवघड. सोन्यात तांबं-चांदी मिसळलेली असते, त्यामुळे अंगठी मधल्या आणि खालच्या पट्ट्यात येते, आणि नेमका तिथेच अॅल्युमिनियमचा कागद, कॅनचे कान आणि शिसं बसलेलं असतं. पातळ अंगठी कागदाशेजारी, जाड अंगठी कॅनच्या कानाशेजारी. म्हणून "फक्त सोनं दाखव" असं बटण कुठल्याही मशीनमध्ये नाही. डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या आकड्यांचा आवाज बंद करायची सोय, लावून कागद गप्प केलात की अंगठीही गप्प होते, माझे पहिले आठ महिने ह्याच शहाणपणात गेले. कचरा नको म्हणून मधला सगळा पट्टा बंद करून ठेवला होता आणि मग घरी येऊन म्हणायचो, इकडे काही नाहीच.

आणखी एक, साखळी. पातळ सोनसाखळी डिटेक्टरला जवळजवळ दिसत नाही, कारण मशीन पूर्ण साखळी एक वस्तू म्हणून बघत नाही, कडी-कडी सुटी बघतं आणि एक कडी म्हणजे तांदळाएवढी. मंगळसूत्र हरवलं असेल तर मणी आणि तार विसरा, दोन वाट्या शोधायच्या, आणि वाट्या पातळ पत्र्याच्या असतील तर आवाज कागदासारखाच येतो.

वहिनीची अंगठी मागून घेतली होती सरावाला. पुरायची तर तंगूस (नायलॉनचा दोरा) बांधून पुरा, दुसरं टोक काठीला. मी बांधला होता म्हणून घरात अजून जेवायला मिळतं. अंगणात हा सराव करू नका, जांभ्याच्या मातीत लोखंड भरपूर, मशीन नुसतं कुरकुरत राहतं. पुळणीवर कोरड्या जागी चार बोटं, मग वीत, मग वीत आणि चार बोटं असं पुरून बघा, खोल गेल्यावर तोच आवाज किती लाजाळू होतो ते कानाला समजायला हवं.

तिथी, ओहोटी आणि वाळू

ह्या कामात अर्ध्याहून जास्त वाटा पाण्याचा. आमच्याकडचा जुना हिशोब आहे, तिथीला पाऊणाने गुणा, जे येईल त्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थी म्हणजे चार पाऊणे तीन, तीन वाजता भरती. अष्टमीला सहा. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. भरतीपासून साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण कामाला पुरतं. आता गंमत बघा, द्वितीयेला भरती दीडला, म्हणजे ओहोटी पावणेआठला, सकाळी आणि संध्याकाळीही. आणि अमावस्या-पौर्णिमेच्या पुढचे दोन-तीन दिवस उधाणाचे, पाणी सर्वात लांब जातं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, फारसं हटत नाही, त्या दिवशी झोपलेलं बरं. मी उधाणाच्या सकाळी ओहोटीच्या दोन तास आधी उतरतो आणि पाण्याच्या मागोमाग खाली जातो, पाणी वळलं की मीही वळतो. खड्ड्यात डोकं घालून बसताना पाठ समुद्राकडे करायची नाही, हे अगदी पहिल्या दिवसापासून.

कुठे शोधायचं? सुरूच्या बनाच्या सावलीत लोक बसतात, कपडे बदलतात, तिथे नाणी, कानातली. कोरड्या पट्ट्यात क्रिकेट, उंटगाडी, तिथेही. पण अंगठी पाण्यात कंबरेएवढ्या ते गुडघ्याएवढ्या उंचीला निसटते, तो पट्टा ओहोटीला उघडा पडतो. तिथे वाळू सपाट मऊ असेल तर फार वेळ घालवू नका. लाटांनी कापून पायरी पडलेली असेल, खाली कडक थर लागत असेल, शंख-शिंपल्यांचा आणि गोट्यांचा जाड पट्टा जमा झाला असेल, तिथे थांबा. जड ते जडाजवळ. एक शिसं मिळालं, दुसरं मिळालं, दहाचं नाणं मिळालं, म्हणजे समुद्राने तिथे जड माल टाकलाय, आता तो पट्टा सोडायचा नाही.

पावसाळ्यात लाटा पुळणीची वाळू आत ओढून नेतात, पुळण पुरुषभर नाही तरी गुडघाभर सहज खाली जाते, आणि गणपतीनंतर वाळू हळूहळू परत येते. त्या मधल्या दिवसांत जुनं हरवलेलं हाताला लागतं. मे महिन्यात ताजं मिळतं. जून-जुलैत मात्र पाण्याजवळ जाऊ नका.

प्रत्यक्ष फिरवताना

जागा स्वच्छ बघून आधी ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे कॉइल वाळूवर खाली-वर, खाली-वर हलवत आवाज एकसारखा होईपर्यंत मशीनला जमिनीची ओळख पटवायची. कोरड्यातून ओल्यात गेलात की परत करा, काळ्या पट्ट्यात गेलात की परत करा. बीच मोड असेल तर तो लावा. सेन्सिटिव्हिटी पूर्ण वर नको. मशीन उगाच टिवटिव करत असेल तर एकेक पायरी उतरा, शांत मशीन वीतभरावरची अंगठी सांगतं आणि ओरडणारं मशीन काहीच सांगत नाही. नवीन माणूस हे ऐकत नाही, त्याला वाटतं कमी केलं की खोली गेली.

कॉइल वाळूपासून दोन बोटं वर, आणि सपाट. घड्याळाच्या लंबकासारखी दोन्ही टोकांना उचलली की तिथली खोली गेली. डावीकडून उजवीकडे तीन-चार सेकंद घ्या, पाऊल अर्ध्या कॉइलएवढंच, मागचा पट्टा पुढच्यावर चढला पाहिजे. घाई करणारे दिवसभर किलोमीटर मोजतात. मी सकाळभरात दोन होड्यांच्या मधलं अंतर पुरं करतो.

आवाज आला की तिथल्या तिथे दोन-तीनदा फिरवा, मग नव्वद अंशात वळून आडवं फिरवा. दोन्ही बाजूंनी तोच, गोल, लहानसा, मऊ आवाज आणि आकडा एक-दोनच्या पलीकडे नाचत नसेल तर खणा. बाटलीचं झाकण एका बाजूने सोन्यासारखं बोलतं आणि दुसऱ्या बाजूने खरखरतं, कडेला लोखंडी घोगरा सूर लागतो. चुरगळलेला कागद पसरट बोलतो, आकडा उड्या मारतो. आपली एक-दोन रुपयांची नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलची, ती कधी लोखंड म्हणून तर कधी भलतंच काही म्हणून बोलतात. आणि शिसं? शिसं आणि जाड अंगठी यातला फरक मला अजून ऐकू येत नाही. पागाचं एक शिसं म्हणजे एक खड्डा, हिशोब सोडून द्या.

पिनपॉइंट करून खूण करा, स्कूप खूणेच्या थोडा मागून घाला, नाहीतर अंगठीला ओरखडा जातो. वाळू बाजूला टाका, टाकलेल्या ढिगावरून कॉइल फिरवा, आवाज ढिगात गेला की खणणं थांबवा. नाही गेला तर अजून एक स्कूप. खड्डा बुजवायचा, पायाने दाबायचा, दर वेळी. संध्याकाळी त्याच पुळणीवर पोरं पळतात.

कोणी हरवलंय म्हणून हाक मारली तर

हे काम नुसतं भटकण्यापेक्षा मला जास्त आवडतं. पहिलं सांगणं, हाताने उकरू नका आणि दहा जण मदतीला लावू नका, पायाखाली वस्तू खोल जाते. किती वाजता हरवलं, तेव्हा पाणी कुठपर्यंत होतं, कुठे उभे होतात, शेवटचा फोटो आहे का, हे विचारा. फोटोत मागे होडी, स्टॉल, माडाची रांग दिसली की जागा पक्की होते. मग चार काठ्या, दोरी, आणि दोरीला धरून शेत नांगरावं तशी उभी तासं, नंतर आडवी. मागच्या मे महिन्यात एका पुण्याच्या नवऱ्या मुलाची अंगठी पडली होती, त्याने दाखवलेल्या जागेत दोन तास काही नाही, त्याच्या बायकोने मोबाइलमधला फोटो काढला तर तो उभा होता पंचवीस पावलं उत्तरेला. तिसऱ्या तासात मिळाली. माझ्या हातात पैसे कोंबत होता, मी म्हटलं सोलकढी पाज.

कायदा आणि जिथे जायचं नाही

बेवारस मिळालेली अंगठी आपली होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ मध्ये (जुन्या दंड संहितेत ४०३) उदाहरणच दिलंय, मौल्यवान अंगठी सापडली आणि मालक शोधायचा प्रयत्न न करता विकली तर तो गुन्हा. म्हणून फोटो काढून ठेवा पण पूर्ण फोटो कुठे टाकू नका, खुणा मालकाला सांगू दे, आणि पोलिस ठाण्यात कळवा. हल्लीच्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी असतो, भिंगाखाली दिसतो, तो बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला तर ज्वेलरपर्यंत धागा लागतो.

जमिनीत पुरलेलं जुनं धन मिळालं तर १८७८ चा निखात निधीचा कायदा, दहा रुपयांहून जास्त किमतीचं असलं तरी कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. हर्णैसमोर सुवर्णदुर्ग आहे, नाव ऐकून पाय शिवशिवतात, पण संरक्षित किल्ल्यात आणि त्याच्या आसपास मशीन काढायचंच नाही, १९५८ चा स्मारकांचा कायदा आहे आणि हा किल्ला २०२५ पासून जागतिक वारसा यादीतही आहे. केळशीच्या वाळूच्या टेकडीवरही नाही, तिथे पुरातत्त्वाचं काम झालंय. वेळास, आंजर्ले, गुहागर इकडे नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं भरतीच्या रेषेच्या वर हातभर खड्ड्यात अंडी घालतात, त्या दिवसांत कोरड्या वाळूत खणणं बंद. विसर्जनाच्या जागेतलं आणि देवाला वाहिलेलं पाण्यात राहू द्या.

आणि नव्या गावात गेलात की आधी ग्रामपंचायतीत आणि सागरी पोलिसांना सांगून ठेवा. १९९३ मध्ये मुंबईच्या बॉम्बस्फोटांआधी रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडी-दिघीला शस्त्रं-स्फोटकं उतरली होती, पहाटे मशीन घेऊन वाळू चाचपणारा अनोळखी माणूस किनाऱ्यावरच्या लोकांना खटकणारच आणि खटकलंच पाहिजे. तोफगोळा किंवा बंद डब्यासारखं काही लागलं तर हात न लावता ११२.

घरी आल्यावर मशीन गोड्या पाण्याने धुवा, दांड्याचे सांधे सोडून धुवा, नाहीतर मीठ धरून जाम होतात. आणि कॉइलचं प्लास्टिकचं कव्हर काढा. मी पहिल्या वर्षी ते कधी काढलंच नव्हतं. मशीन रिकाम्या वाळूवरही हलवलं की कुरकुर करायला लागलं, मी सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या, दुरुस्तीला पाठवायला खोकं शोधलं, आणि पॅक करताना कव्हर निघालं तर आत वाटीभर काळी वाळू.